चक्रवाकाचें छायाचित्र

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. म्हणूनच त्या स्थळास प्रीतिसंगम म्हणतात. तेथून जवळच माझें घर. आपल्या नदीवर उतरणाऱ्या प्रत्येक रानबदकाचें एक तरी छायाचित्र स्वतः घ्यावें, असा छंद मला जडला आहे. हळदीकुंकू बदक बाराही महिने भेटतें. चोंचीचें टोक पिवळें, मुळाशीं तांबडा ठिपका; हें नांव ज्यानें ठेवलें तो रसिक खरा! चक्रवाक मात्र हिवाळ्याचा पाहुणा.

संस्कृत कवींनीं त्याच्या जोडप्याच्या कपाळीं रात्रीचा विरह लिहिला. मला तें जोडपें एकाच चौकटींत हवें होतें. गेल्या हिवाळ्यांत एका पहाटे दोघें वाळूवर शेजारीं बसलेलीं दिसलीं. उजेड अपुरा, अंतर फार. मी पुढें सरकलों, तीं उडालीं. दुसऱ्या दिवशीं तेंच, तिसऱ्या दिवशींहि तेंच. चौथ्या दिवशीं वाळू रिकामी होती.

पुढें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें एक संशोधन वाचनांत आलें. उपग्रहाच्या साह्यानें माग काढलेले चक्रवाक हिमालय ओलांडतांना ६,८०० मीटर उंचीपर्यंत गेले होते. अशा प्रवासानंतर विसांवा घेणाऱ्या पांखरांना मीं तीनदां उठविलें, आणि तेंहि एका चित्रासाठीं!

यंदा उजाडण्यापूर्वींच जाऊन झुडपाआड बसतों. जागा सोडीत नाहीं. बदकें हवीं तेव्हां येतात. चित्रें लहान निघतात, मोठीं केलीं कीं अस्पष्ट होतात. संग्रहांतलें चक्रवाकांचें पान अद्याप कोरें आहे.