प्रमाणपत्राची फी कोणी भरायची?



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता सॉफ्टवेअरच्या नोकरीत शिरली आहेत. म्हणून माझ्या क्षेत्रातल्या एकाच खर्चाबद्दल बोलते.

एमएस-सीआयटी रत्नागिरीत घरोघरी माहीत आहे. फी घरून भरायची, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र जन्मभर आपलं. तिथे उमेदवाराने पैसे भरणं रास्तच.

आमच्याकडची प्रमाणपत्रं तशी नाहीत. ॲमेझॉनच्या क्लाउडची डेव्हलपर परीक्षा १५० डॉलरची, म्हणजे कर धरून पंधरा हजारांच्या आसपास. नापास झालात तर पुन्हा फी. पास झालात तरी मुदत ३ वर्षं. पहिल्या नोकरीतल्या मुलीच्या पगारातून पुण्याचं खोलीभाडं आणि मेस गेल्यावर उरतं किती?

आता दुसरी बाजू पाहा. हीच ॲमेझॉन सॉफ्टवेअर कंपन्यांना भागीदार म्हणून श्रेणी देते. त्यासाठी कंपनीत ठरावीक संख्येने प्रमाणपत्रधारक असावे लागतात. म्हणजे परीक्षा मुलीने दिली, श्रेणी कंपनीला मिळाली आणि ती दाखवून कामंही कंपनीनेच मिळवली. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जे प्रमाणपत्र कंपनी मागते, त्याची फी कंपनीने भरावी आणि अभ्यासाला कामाच्या वेळेतले काही तासही द्यावेत. नोकरी बदलण्यासाठी किंवा हौसेने घेतलेलं प्रमाणपत्र मात्र ज्याचं त्याने स्वखर्चाने घ्यावं.

"शिकून माणूस निघून गेला तर?" असं मालक विचारतात. ही भीती खोटी नाही. विजया बँकेच्या खटल्यात ३ वर्षांआधी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. पण तिथे सरकारी बँकेच्या भरतीच्या खर्चाचा प्रश्न होता. पंधरा हजारांच्या परीक्षेसाठी लाखाचा बाँड लिहून घेणं कुठल्या हिशेबात बसतं? वर्षाच्या आत सोडून गेला तर फी परत घ्यावी, तीही झालेल्या महिन्यांच्या प्रमाणात कमी करून. एवढं पुरे.

आपल्या बॅचमधले काही जण आज असे निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर आहेत. त्यांनी पुढच्या बजेटमध्ये ही रक्कम धरावी. बाकीच्यांनी मुलांना एवढंच सांगावं, की सही करण्याआधी बाँड वाचा आणि फी कोण भरणार हे लेखी विचारा. प्रश्न विचारायची सवय सर-बाईंनी आपल्याला याच शाळेत लावली. ती पुढच्या पिढीलाही लागू दे.