सवलतीची किंमत

समुपदेशक मित्रहो आणि शिक्षक बंधुभगिनींनो,

छापील भाषण आपल्या हाती आहेच, म्हणून इथे एकाच मुद्द्यावर बोलतो.

चारचौघांत घाबरणाऱ्या मुलाची तक्रार कोणी घेऊन येत नाही. ते दंगा करत नाही, गृहपाठ पूर्ण असतो, पालकसभेत त्याचं कौतुकच होतं. पण 'थांबवा' म्हणायला लागू नये म्हणून ते बसमधून पुढच्या स्टॉपवर उतरतं आणि चालत मागे येतं. दुकानात गर्दी दिसली की वही न घेताच परततं. हाताचा कंप दिसू नये म्हणून पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरतं. हा त्रास बहुधा किशोरवयात, म्हणजे आपल्याच वर्गांत, सुरू होतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने 1980 मध्ये त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा दिला. आपल्या स्टाफरूममध्ये मात्र अजून 'मोठा झाला की सुटेल' हेच चाललंय.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये या भीतीचं चक्र उलगडलं. समोरच्यावरचं लक्ष उडून स्वतःवर खिळतं: आवाज कापतोय का, कान लाल झाले का? समोरचा काय बोलला ते धड ऐकूही येत नाही. मग मान खाली घालायची, एका शब्दात उत्तर द्यायचं. प्रसंग निभावला तरी श्रेय त्या पळवाटेला जातं. लोक खरंच हसले असते का, हे कधी कळतच नाही. आणि रात्री अंथरुणात पुन्हा सगळी उजळणी.

गांधीजींना निदान चिकटवायचा मला अधिकार नाही, तसला खेळ आवडतही नाही. पण आपल्या घाबरण्याबद्दल त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवलंय. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ममीबाईंच्या खटल्यात उलटतपासणीला ते उभे राहिले, डोकं गरगरलं, एकही प्रश्न सुचेना. खाली बसले आणि तीस रुपयांची फी परत केली. पुढे 1893 मध्ये प्रिटोरियात त्यांनी हिंदी व्यापाऱ्यांसमोर आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण केलं. तिथे विषय व्यापारातल्या सचोटीचा आणि तिथल्या हिंदी लोकांच्या हालांचा होता. मला वाटतं, स्वतःकडे पाहायला त्यांना तिथे उसंतच नव्हती.

उपचारांत आपण हेच शिकवतो. भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करायची, सोप्या पायरीपासून सुरुवात करायची, आणि पळवाट सोडून लक्ष समोरच्याकडे न्यायचं. काहींना औषधंही लागतात, ती मानसोपचारतज्ज्ञाने द्यायची. गावात तज्ज्ञ नसेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक तरी शाळेच्या फळ्यावर असू द्या. मुलाला अचानक व्यासपीठावर ढकलणं मात्र उपचारात बसत नाही. तसं करणारे हौशी शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत.

दुपारच्या सत्रात तोंडी परीक्षेतून अशा मुलांना पूर्ण सूट देण्याचा ठराव येणार आहे. त्यामागची कळकळ मला कळते, तरी मी विरोधात मत देणार आहे. कायमची सूट म्हणजे आपणच शिक्का मारून दिलेली पळवाट. माझी दुरुस्ती अशी: पहिल्या सत्रात परीक्षा फक्त वर्गशिक्षकांसमोर, नंतर एका मित्राला सोबत घेऊन, वर्षअखेरीस छोट्या गटात, आणि प्रत्येक पायरी कधी चढायची, हे मुलाशी बोलून ठरवायचं. अनुमोदक हवा आहे.