विजेची मोटार आणि विम्याचा हप्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझी शाळा सातवीपर्यंत झालेली. तेव्हा मी मोठ्या विषयाला हात घालणार नाही. घरखर्चाची वही मात्र मी लग्न झाल्यापासून लिहिते, आणि आज बोलणार आहे ते त्या वहीतलेच आहे. विषय आहे मोटारीच्या विम्याचा. हा विषय पुरुषांचा, असे आपल्यापैकी काहीजणींना वाटेल. पण विम्याचा हप्ता ज्या डब्यातून जातो तो डबा आपल्याच ताब्यात असतो, म्हणून आपण तो समजून घेतला पाहिजे.

हल्ली आपल्या कसाऱ्यात, खर्डीला, शहापूरला विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. "पेट्रोल नको, विमाही स्वस्त," असे विकणारे सांगतात. यातले पहिले खरे आहे. दुसरे अर्धेच खरे आहे. ते कसे, ते सांगते.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला भाग दुसऱ्यासाठी. आपल्या मोटारीने कोणाला इजा झाली, कोणी दगावले, तर त्याची भरपाई यातून मिळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा भाग सक्तीचा आहे. याचे दर सरकार ठरवते, त्यामुळे कोणत्याही कंपनीकडे गेलो तरी तो एकच पडतो. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. तो सक्तीचा नाही, आणि त्याचा दर प्रत्येक कंपनी आपापला ठरवते.

१ जून २०२२ पासून जे सरकारी दरपत्रक लागू झाले, त्यात पहिल्या भागासाठी विजेच्या मोटारीला शेकडा १५ सवलत दिली. पेट्रोलच्या खाजगी मोटारीला इंजिनाच्या आकाराप्रमाणे वर्षाला २,०९४, ३,४१६ किंवा ७,८९७ रुपये असे तीन दर ठेवले. विजेच्या मोटारीला तेच १,७८०, २,९०४ आणि ६,७१२ रुपये. विजेच्या दुचाकीलाही अशीच सवलत आहे. "विमा स्वस्त" म्हणतात तो एवढाच.

पण येथे एक मेख आहे. पेट्रोलची मोटार 'सीसी'वर मोजतात: हजारपर्यंत, दीड हजारपर्यंत आणि त्यावर. विजेची मोटार तिच्या मोटरच्या ताकदीवर, म्हणजे 'किलोवॅट'वर मोजतात: तीसपर्यंत, पासष्टपर्यंत आणि त्यावर. टाटांची टियागो घ्या. पेट्रोलची टियागो दीड हजार सीसीच्या आतली, तिला ३,४१६ रुपये. विजेची टियागो पासष्ट किलोवॅटच्या आतली, तिला २,९०४. म्हणजे ५१२ रुपये वाचले. आता त्याच टाटांची नेक्सॉन घ्या. पेट्रोलची नेक्सॉन याच ३,४१६ रुपयांत बसते, पण विजेची पासष्टच्या वर जाते, म्हणून तिला ६,७१२ रुपये पडतात. सवलत असूनही हप्ता ३,२९६ रुपयांनी जास्त! म्हणून नोंदणीपुस्तकावर किलोवॅट किती ते आधी पाहावे. बॅटरीचा आकडा निराळा असतो. तो 'किलोवॅट तास' असा लिहितात, त्याची याच्याशी गल्लत करू नये.

आता दुसरा भाग. हा मोटारीच्या त्या दिवशीच्या किमतीवर ठरतो. कागदावर तिला आयडीव्ही म्हणतात. विजेची मोटार तशाच पेट्रोलच्या मोटारीपेक्षा महाग, त्यामुळे हप्ताही जास्त. हिशेबासाठी समजा, पेट्रोलची मोटार सात लाखांची, विजेची दहा लाखांची, आणि कंपनीने दोघींना शेकडा २ रुपये लावले. एकीला १४,००० आणि दुसरीला २०,००० रुपये झाले. सहा हजारांच्या फरकातून पहिल्या भागात वाचलेले ५१२ वजा करा, वर शेकडा १८ कर धरा. साधारण साडेसहा हजार रुपये वर्षाला जास्त जातात.

हे पैसे जास्त का, तर बॅटरीमुळे. मोटारीच्या किमतीचा मोठा वाटा तिच्यात असतो, आणि ती असते मोटारीच्या तळाशी. आपल्या घाटात पावसाळ्यात रस्त्यावर दगड येतात, हे मी तुम्हांला काय सांगावे! २०२१ च्या जुलैत उंबरमाळीला रुळांवर पाणी चढले होते, ते आपण विसरलो नाही. तळाला दगड बसला किंवा पाणी शिरले, तर नाक्यावरचा मिस्त्री त्या बॅटरीला हात लावू शकत नाही. शिकलेला माणूस लागतो आणि खर्च मोठा येतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या शेकडा ७५ च्या वर गेला, तर मोटार पूर्ण गेली असे धरून हिशेब होतो.

तेव्हा सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिकचे भाग, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसारा म्हणून कापतात. ही कापणी मोठ्या बॅटरीला लागणार का, आणि ती टाळणारी जोडपॉलिसी, जिला 'झिरो डेप' म्हणतात, तिचे किती, हे विचारावे. बॅटरीत पाणी जाऊन झालेली हानी कशात येते, हे विचारावे. आणि घरी बसवलेले चार्जर विम्यात धरले आहे का, हेही विचारावे. बनवणाऱ्या कंपनीची बॅटरीची हमी, बहुधा आठ वर्षांची, ही बनावटीतल्या दोषासाठी असते. अपघात आणि पुरासाठी नव्हे. हमी आहे म्हणून विमा नको, असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग विजेची मोटार घेऊच नये काय? तसे नाही. आमच्याच घरी गेल्या वर्षी हा प्रश्न निघाला. यजमानांना आठवड्यातून तीनदा कामासाठी नाशिकला जावे लागते, आणि जुनी पेट्रोलची मोटार थकली होती. नवीसाठी पैसे कमी पडत होते, म्हणून माझ्या पाटल्या गहाण ठेवायची वेळ आली. सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या त्या. मी म्हटले, आधी हिशेब लिहू, मग पाटल्या काढू. पेट्रोल एकशे पाच रुपये लिटर धरले आणि लिटरला पंधरा किलोमीटर, तर किलोमीटरला सात रुपये. वीज दहा रुपये युनिट धरली आणि युनिटला सात किलोमीटर, तर दीड रुपयाच्या आत. म्हणजे किलोमीटरमागे साडेपाच रुपये वाचतात. विम्याचे जास्तीचे साडेसहा हजार भरून निघायला बाराशे किलोमीटर पुरे. नाशिकला जाऊन येणे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे दहाच फेऱ्या! घाट चढताना वीज जास्त लागते, पण उतरताना थोडी बॅटरीत परतही येते. बाहेरच्या चार्जरवर मात्र दर जास्त पडतो, हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली, ती तुम्हांलाही उपयोगी पडेल. जुन्या मोटारीवर पाच वर्षे एकही दावा केला नव्हता, म्हणून दुसऱ्या भागाच्या हप्त्यात निम्मी सूट जमली होती. तिला नो क्लेम बोनस म्हणतात. ही सूट मोटारीची नसते, मालकाची असते. जुनी मोटार विकताना विमा कंपनीकडून तसा दाखला घेतला, तर ती नव्या मोटारीला, मग ती विजेची का असेना, लावता येते. वीस हजारांचे दहा हजार होतात. मात्र पॉलिसीची मुदत संपून नव्वद दिवस गेले तर ही सूट बुडते. आम्ही दाखला घेतला, पासष्ट किलोवॅटच्या आतली मोटार घेतली आणि बॅटरीची जोडपॉलिसीही घेतली. पाटल्या गहाण पडल्या. पण डोळे उघडे ठेवून पडल्या, आणि पेट्रोलच्या वाचलेल्या पैशांतून त्यांचे हप्ते जात आहेत.

आमच्या शेजारी मात्र मोटार महिन्यातून दोनदा लग्नकार्याला तेवढी निघते. त्यांनी पेट्रोलचीच ठेवली. मी म्हणते, त्यांचेही बरोबरच आहे. उभ्या मोटारीचे किलोमीटर वाचत नाहीत. विमा मात्र उभ्या मोटारीलाही भरावा लागतो.

आपल्या स्टेशनावरून नाशिककडे भाड्याच्या मोटारी जातात. ज्यांची मुले हा धंदा करू पाहतात, त्यांना एक विनंती. खाजगी मोटारीची पॉलिसी भाड्याच्या उतारूंसाठी चालत नाही. चार रुपये वाचवायला खाजगी कागदावर भाडे मारले आणि घाटात काही झाले, तर सगळा बोजा घरावर येईल. टॅक्सीची पॉलिसी निराळी आणि महाग असते. पण धंद्याला तीच घ्यावी.

भगिनींनो, घरात मोटारीची गोष्ट निघाली की चहा ठेवून आत जाऊ नका. तिथेच बसा. निदान तीन कंपन्यांचे आकडे मागा आणि दोन्ही भाग वेगळे लिहून घ्या. महिन्याला किलोमीटर किती होतात ते विचारा आणि मग हो किंवा नाही म्हणा. कोणाला पॉलिसीचा कागद कळला नाही, तर मंडळाच्या बैठकीला घेऊन या. आपण सगळ्याजणी मिळून वाचू.