गर्भवतीची मळमळ : आहार आणि घराची साथ



‘डोहाळे कडक आहेत, सोसायलाच हवेत,’ हे वाक्य प्रसूतिपूर्व तपासणी विभागात वारंवार कानी पडते. ही मळमळ साधारणतः ६व्या आठवड्यात सुरू होते, ९व्याच्या सुमारास वाढते आणि बहुतेकींना १६ ते २० आठवड्यांपर्यंत उतार पडतो. ते मनाचे चोचले नव्हेत. वारेतून येणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे २०२३ मधील संशोधनाने दाखविले आहे.

सकाळी अंथरुणातच मूठभर लाह्या किंवा कोरडा टोस्ट खावा. पोट रिकामे न ठेवता दर दोन-तीन तासांनी थोडे खावे. पाणी जेवणाबरोबर न पिता अधूनमधून घोट-घोट घ्यावे. आल्यानेही आराम पडतो. फोडणीचा वास सोसत नसेल, तर काही आठवडे स्वयंपाक घरातील इतरांनी करावा. तीही शुश्रूषाच होय.

मात्र दिवसभर पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी व गडद होत असेल किंवा वजन घटत असेल, तर तिला त्वरित रुग्णालयात आणावे. सलाईन आणि गरोदरपणात देता येणारी औषधे यांनी तिला आराम देता येतो. तिने किती सोसले, याचे कौतुक करण्यापेक्षा तिला वेळेत आणावे, एवढीच विनंती.