लहान गॅरेज आणि कायद्याचा आधार
(भाषणाचा मसुदा)



मोटारधंद्याचे खरे रूप काचेच्या शोरूममध्ये दिसत नाही. ते कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावर, पुण्याच्या नाना पेठेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात दिसते. पत्र्याची एक शेड, एक मालक, दोन मिस्त्री आणि दोन हेल्पर, एवढाच बहुतेकांचा पसारा. मालकही बहुधा कालचा मिस्त्रीच. दुसऱ्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे पान्हा फिरवून त्याने स्वतःचे शटर उघडलेले असते. 'भांडवलदार विरुद्ध कामगार' या ठोकळ सूत्रात तो बसत नाही. म्हणून कामगार चळवळ त्याच्या दारी फारशी गेली नाही आणि बड्या व्यापाऱ्यांनी त्याला आपला मानले नाही. कायदा समजावून सांगणारा कुणी नसल्याने तो कायद्याला भितो. त्याच्या हाताखालचा मुलगा तर कायदा आपल्यासाठी आहे हेच जाणत नाही.

'लहान धंद्याला कायदा लागत नाही,' ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. त्यांनी केवळ सूचना द्यावयाची. २०२५ साली ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. परंतु मजुरीची गोष्ट वेगळी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली वेतन संहिता कामगारांची संख्या विचारीत नाही. गॅरेजात एकच हेल्पर असला तरी त्याला किमान वेतन द्यावे लागते, मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो आणि काम सुटल्यास दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो.

गॅरेजातील बहुतेक भांडणे 'उचल' आणि 'कापणी' या दोन शब्दांभोवती फिरतात. मुलाने सणाला उचल घेतली, ती कुठेच लिहिली नाही, आणि वर्षाअखेरीस दोघांचे आकडे जुळेनासे झाले. किंवा गाडीची काच तडकली आणि पगारातून तिची किंमत वळती झाली. याबाबत संहिता स्पष्ट आहे. उचल कापून घेता येते. मात्र सर्व कपाती मिळून त्या मुदतीच्या पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. नुकसान कापावयाचे तर ते कामगाराच्या हयगयीनेच झालेले असले पाहिजे आणि त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले पाहिजे. कामगाराला तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो आणि पैसे दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. म्हणजे ज्याने प्रामाणिकपणे पगार दिला पण वहीत लिहिला नाही, तो मालकही हरतो. चाळीस रुपयांची वही आणि महिन्याची सही ही दोघांचीही ढाल आहे.

दुसरा प्रश्न अपघाताचा. जॅक सरकतो, वेल्डिंगची ठिणगी उडते, गाडीखालचा माणूस कायमचा अधू होतो. तेव्हा मालक दवाखान्याचा पहिला खर्च करतो आणि त्याला वाटते की जबाबदारी संपली. कामावर असताना, कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई देण्याचे दायित्व १९२३ च्या कायद्यापासून चालत आले असून ते आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. मालकाची चूक होती की नव्हती, हा तेथे मुख्य प्रश्न नाही. एका अपघाताच्या भरपाईत लहान गॅरेज बुडू शकते. दहापेक्षा कमी कामगार असले तरी मालक आणि बहुसंख्य कामगार यांच्या संमतीने राज्य विमा योजनेत स्वेच्छेने जाता येते. ते शक्य नसेल तेथे भरपाईचा विमा उतरविणे हा मालकाच्याच हिताचा मार्ग आहे.

तिसरी गोष्ट दयेच्या नावाखाली चालते. 'पोरगा शाळेत रमत नव्हता, काम शिकेल,' असे बापही म्हणतो आणि उस्तादही म्हणतो. पण १९८६ च्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा दखलपात्र गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलालाही धोक्याच्या कामाला लावता येत नाही.

कायदा मालकाकडून केवळ घेतो असे मात्र नाही. ठरल्याप्रमाणे काम करूनही गिऱ्हाईक पैसे देत नसेल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क मिस्त्रीला आहे. तो त्याच कामाच्या पैशापुरता आहे. मागील थकबाकीसाठी नाही. उलट ताब्यातील गाडीची काळजी सुज्ञ माणसाप्रमाणे घेणे हेही त्याचे कर्तव्य आहे. म्हणून गाडी घेतानाच काम, अंदाजे खर्च आणि गाडीची स्थिती कागदावर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. ग्राहक आयोगात हाच कागद उपयोगी पडतो.

तथापि केवळ सल्ल्याने हा प्रश्न सुटणारा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. गॅरेजातील मुलाचा रविवार आजही गिऱ्हाइकाच्या सोयीवर अवलंबून आहे. भविष्यनिर्वाह निधी वीस कामगारांवर आणि ग्रॅच्युइटी दहा कामगारांवर लागू होते. या उंबरठ्यांच्या खाली राहणारा कामगारच सर्वांत असुरक्षित आहे. एकट्या मालकाला हा भार झेपणार नाही, हे खरे आहे. पण विखुरलेल्या मालकांच्या आणि अनेक दारी राबणाऱ्या कामगारांच्या प्रश्नाला महाराष्ट्राने एकदा उत्तर शोधले होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालकांनी मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने त्यातून कामगाराचा निधी व रजा सांभाळावयाची. गॅरेज कामगारांसाठी असेच मंडळ का असू नये?

ही मागणी उभी राहीपर्यंत कार्यकर्त्यांना करण्यासारखे काम समोर आहे. प्रत्येक गॅरेज वस्तीत आठवड्यातून एक संध्याकाळ सल्ला केंद्र चालवावे. तेथे मालक आणि हेल्पर दोघांनाही एकत्र बसवावे आणि पगाराची वही तेथेच सुरू करून द्यावी. लहान मालकाला शत्रू ठरवून कामगाराला न्याय मिळणार नाही, आणि मालकाच्या गरिबीचे निमित्त करून कामगाराचा हक्कही बुडविता येणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगण्याचे धैर्य चळवळीने दाखविले, तर शटरच्या आतल्या माणसाला ती आपली वाटेल.