जुना संगणक आणि बदली चिप



गिरणीच्या दारात 'बदली' कामगार कसे उभे असत, हे या सभेतल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. कायमचा माणूस आला नाही, की बदली आत जाई. जागा भरली, की हजेरीबुकाचा हिशेब पुरा होई. पण जागा भरणे आणि काम होणे या दोन गोष्टी आहेत. हीच चूक आम्ही एका यंत्राच्या बाबतीत स्वतः केली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

स्पेक्ट्रम नावाचा घरगुती संगणक विलायतेत सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली काढला. स्कॉटलंडातील डंडी येथे टायमेक्सच्या कारखान्यात तो जोडला जाई. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये त्याची परवान्याची आवृत्ती आपल्याकडे आणली. असेच एक जुने यंत्र आमच्याकडे दुरुस्तीला आले. पडद्यावर नुसते उभे पट्टे.

पडद्यावरचे चित्र ज्या स्मृतीत राहते, तिथे '४११६' क्रमांकाच्या आठ चिप्स असतात. त्या आता कोणी नव्याने बनवीत नाही. आमच्याजवळ '४१६४' होत्या. त्यांनाही पाय सोळाच, शिवाय स्मृती चौपट. मग शंका कसली? आम्ही त्या खाचांत बसवल्या आणि वीज दिली. आठही चिप्स जळाल्या.

कारण साधे होते. ४११६ ला तीन प्रकारची वीज लागते: अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट. ४१६४ ला फक्त ५ लागते. जुन्या चिपच्या आठव्या पायाला १२ व्होल्ट मिळतात; नव्या चिपचा तोच पाय ५ व्होल्टांची वाट पाहत असतो. ही चिप तिथे चालू शकते, नाही असे नाही. पण आधी पहिल्या पायाची उणे ५ तोडावी लागते आणि आठव्या पायाला १२ ऐवजी ५ व्होल्ट द्यावे लागतात. म्हणजे बदलीसाठी जागाच बदलून घ्यावी लागते.

पुढची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पहिल्या चिप्स मुळात गेल्या का? उणे ५ व्होल्ट नाहीसे होऊन १२ चालू राहिले, तर ४११६ मरते. तेव्हा आम्ही अस्सल ४११६ बसवल्या असत्या, तरी त्याही गेल्या असत्या. जो माणूस पडला तो कशाने पडला, हे न विचारता त्याच्या जागी दुसरा उभा करणे म्हणजे दुसऱ्याचाही बळी देणे होय.

याच यंत्राच्या वरच्या स्मृतीत आणखी एक मौज आहे. तिथे काटकसरीसाठी अर्ध्या निकामी चिप्स वापरल्या होत्या. कोणाचा वरचा अर्धा भाग चांगला, कोणाचा खालचा. आणि कोणता अर्धा वाचायचा, ते पाटीवरची एक तार ठरवी. आठातली एक दुसऱ्या जातीची आली, तर प्रत्येक चिप एकटी निर्दोष असूनही यंत्र चुकते.

कमोडोर ६४ हा १९८२ सालचाच अमेरिकन संगणक. त्याची ध्वनीची चिप ६५८१ बारा व्होल्टांवर चाले, तिची धाकटी बहीण ८५८० नऊ व्होल्टांवर. पाय दोघींना अठ्ठावीस. धाकटीला थोरलीच्या जागी तशीच बसवली, तर ती निकामी होण्याचा धोका असतो. शिवाय शेजारचे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, बदलले नाहीत तर स्वरही बिघडतो.

तरुण दुरुस्तीकारांना आमचे सांगणे एवढेच. खाच पाहून चिप निवडू नका. आधी मीटरने प्रत्येक पायाची वीज मोजा. बिघाडाचे कारण शोधा. जुनी चिप फेकू नका. आणि जे कळले ते वहीत लिहून दुसऱ्याला द्या. आता या चिप्स मोजक्याच उरल्या आहेत. एकाच्या अज्ञानाने सगळ्यांचा साठा घटतो.

डंडीच्या त्या कारखान्यात १९९३ साली संप झाला. मालकांनी संपकऱ्यांना कामावरून काढले आणि बदली माणसे बसगाड्यांतून आत नेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारखाना बंद झाला. जागा मात्र सगळ्या भरल्या होत्या!