दूरचा शिक्षक आणि घरचा रियाझ

संगीत ही गुरुमुखानें मिळवावयाची विद्या, असें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितलें जात आहे. गुरूनें समोर बसावें, शिष्यानें ऐकावें, म्हणावें, चुकावें आणि गुरूनें तेथल्या तेथें हटकावें, हा तिचा क्रम. आज मात्र वाशिम जिल्ह्यांतील रिसोडसारख्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या घरांतून सायंकाळीं गिटारचे सूर ऐकूं आले, तर तेथें समोर गुरु असेलच असें नाहीं. मोबाइलच्या कांचेवर सातासमुद्रांपलीकडचा शिक्षक बोटें कोठें ठेवावीं हें दाखवीत असतो आणि पुढें बसलेला सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी त्याचें अनुकरण करीत असतो. रिसोडला आगगाडी नाहीं. वाशिम-अकोल्याला जावयाचें तर एस.टी.चा प्रवास. भजनी मंडळांत पेटी, पखवाज, टाळ यांची ओळख गांवोगांवीं होते. गिटारचा जाणता शिक्षक मात्र शोधावा लागतो. अशा मुलाला घरबसल्या धडे मिळूं लागले, ही मोठी सोय झाली यांत संशय नाहीं.

परंतु मोठ्या हौसेनें घेतलेलें वाद्य वर्षभरांत खुंटीला लागलें, असेंहि अनेक घरांत घडतें. वडील म्हणतात, 'नाद होता, गेला.' मुलगा मनांतल्या मनांत समजतो कीं, आपल्या अंगीं ही कला नाहीं. पैसे गेले त्यापेक्षां हा समज अधिक घातक होय. कारण तो एकदां रुजला म्हणजे जन्मभर पुसत नाहीं. वास्तविक पाहतां दोष बहुधा अंगच्या गुणांचा नसून रियाझाच्या रीतीचा असतो.

दुरून विद्या मिळविण्याचा हा प्रश्न नवा नव्हे. बडोद्यास मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें गायनशाळा काढली आणि स्वरलेखनाचा पाया घातला. ५ मे १९०१ रोजीं पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं घराण्यांनीं जिवापाड जपलेल्या चिजा स्वरलिपींत उतरविल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून सर्वांपुढें ठेवल्या. त्या काळींहि आक्षेप निघालाच: राग कागदावर कसा उतरेल? मींड आणि श्रुति अक्षरांत कशा मावतील? हा आक्षेप अगदींच खोटा नव्हता. पुस्तकामुळें चीज घरोघर पोंचली, मुलींना व नोकरदारांना गाण्याचें दार उघडलें. पण निव्वळ पुस्तकावरून कोणी मोठा गवई झाला नाहीं. स्वतः पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकले होते, आणि ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन हे त्यांचे शिष्यहि त्यांच्या सहवासांतच तयार झाले. पुस्तक स्मरणाला आधार देतें; कानाचें काम तें करीत नाहीं.

मोबाइलवरचा धडा हा त्या पुस्तकाचाच पुढचा अवतार आहे. पुस्तकापेक्षां तो पुष्कळ समर्थ आहे. त्यांत हात दिसतो, सूर ऐकूं येतो, गति कमी करतां येते आणि तोच भाग शंभर वेळां पाहिला तरी शिक्षक कंटाळत नाहीं. टास्मानियांत जन्मलेल्या जस्टिन सँडरको यांनीं २००३ सालीं सुरू केलेली गिटारची पाठमाला आज जगभर वापरली जाते. तींत पहिल्या धड्यापासून क्रम लावलेला आहे. तथापि एक उणीव सर्वांतच राहते. धडा दिसतो आणि ऐकूं येतो. पण तो विद्यार्थ्याला पाहूं शकत नाहीं व ऐकूं शकत नाहीं. चुकीचें वाजलें तरी पडद्यावरचा शिक्षक 'शाबास' म्हणून पुढें जातो.

ही उणीव कोठें भोंवते, हें वाद्याच्या रचनेवरून कळेल. गिटारला सहा तारा. जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा त्या लावतात. मानेवर सतारीच्या पडद्यांप्रमाणें धातूच्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीगणिक सूर अर्ध्या स्वरानें चढतो आणि बाराव्या पट्टीवर तार निम्मी होऊन वरचें सप्तक लागतें. बोट पट्टीच्या अगदीं मागें टेकलें तर थोड्या दाबानें सूर स्वच्छ येतो. तेंच दोन बोटें मागें सरकलें तर दुप्पट जोर लावूनहि तार कुरकुरते. शिकणारा समजतो, बोटांत बळ नाहीं. आणि तो अधिक दाबतो, मनगट वांकवितो, खांदा आवळतो. समोर शिक्षक असता तर त्यानें बोट धरून तसूभर पुढें सरकविलें असतें आणि प्रश्न तेथेंच मिटला असता.

तेव्हां दूरच्या शिक्षकाचें हें राहिलेलें काम विद्यार्थ्यानें स्वतःकडे घेतलें पाहिजे. त्याचा सर्वांत सोपा उपाय त्याच मोबाइलमध्यें आहे. आठवड्यांतून दोनदां आपलें वादन ध्वनिमुद्रित करावें, एक दिवस जाऊं द्यावा आणि मग ऐकावें. वाजवितांना मन बोटांत गुंतलेलें असतें, म्हणून चूक ऐकूं येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं कान मोकळा असतो. लय कोठें पळाली, कोणती तार मुकी राहिली, हें वहींत लिहावें. पुढील आठवड्याचा रियाझ या वहीवरून ठरवावा; कांचेवर नवें काय आलें त्यावरून ठरवूं नये. आज हा धडा, उद्यां तो, परवां तिसराच, असें केल्यानें पाहणें पुष्कळ होतें आणि वाजविणें थोडें. धडा पाहिला म्हणजे रियाझ झाला, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. दहा मिनिटें पाहिलें तर तीस मिनिटें वाजवावें, एवढा दंडक पुरे.

रियाझ रोज व्हावा. रविवारीं तीन तास बसून सहा दिवसांची भरपाई होत नाहीं. चाळीस मिनिटें मिळत असतील तर त्यांचे भाग पाडावे. पहिलीं पांच मिनिटें तारा सुरांत लावण्यांत आणि बोटें हलकीं करण्यांत जावीं. पुढील दहा मिनिटें स्वरमेळ बदलण्याचा सराव करावा: दोन मेळ घ्यावे आणि एका मिनिटांत एकावरून दुसऱ्यावर स्वच्छ किती वेळां जातां आलें तें मोजून लिहावें. नंतरचीं पंधरा मिनिटें चालू गीतांतील अडणाऱ्या दोन-चार मात्रांना द्यावीं. सर्व गीत पहिल्यापासून वाजवीत अडलें कीं पुन्हां पहिल्यापासून निघणें, ही फार जुनी खोड आहे; तिच्यामुळें सोपा भाग पक्का होतो आणि अवघड भाग होता तसाच राहतो. अडलेला तुकडाच तेवढा वेगळा काढून मेट्रोनोमच्या ठोक्यावर इतका संथ वाजवावा कीं चूक होऊंच नये. मग गति थोडी थोडी वाढवावी. शेवटचीं दहा मिनिटें आनंदाचीं. त्यांत आवडीचें गाणें अखंड वाजवावें.

या रीतीला पुरावाहि आहे. १९९३ सालीं अँडर्स एरिक्सन व त्यांचे सहकारी यांनीं बर्लिनच्या संगीत अकादमींतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. त्यांतील श्रेष्ठ विद्यार्थ्यांनीं एकांतांत केलेला हेतुपूर्वक अभ्यास इतरांहून अधिक होता, आणि मध्यें विश्रांति घेऊन तो बैठकींत विभागण्याकडे त्यांचा कल होता. केवळ तासांनीं सर्व फरक उलगडत नाहीं, असें नंतरच्या संशोधकांनीं दाखविलें; पण लक्षपूर्वक केलेल्या सरावाचें मोल त्यामुळें कमी झालें नाहीं. आंद्रेस सेगोविया (१८९३–१९८७) यांनीं गिटारला जगाच्या सभागृहांत प्रतिष्ठा मिळवून दिली. ते बहुतांशीं स्वतःच स्वतःचे शिक्षक होते, आणि इतक्या उंचीवर पोंचूनहि साध्या सप्तकांच्या सरावाचा त्यांचा आग्रह सुटला नाहीं.

शरीराची काळजीहि हवी. आरंभीं बोटांचीं टोकें दुखतात, मग त्यांना घट्टे पडतात. त्याचें भय नको. मनगट दुखूं लागलें किंवा बोटांना मुंग्या येऊं लागल्या, तर मात्र थांबावें, बैठक तपासावी आणि दुखणें राहिलें तर वैद्याचा सल्ला घ्यावा. तारा फारच बोचत असतील तर नायलॉनच्या तारांची गिटार नवशिक्यास सुसह्य होते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत वाद्य पत्र्याच्या खोलींत किंवा उन्हांत ठेवूं नये. लांकूड तडकतें आणि मान वांकते.

आतां राहिला कानाचा प्रश्न. गिटारचा शिक्षक गांवांत नसला तरी जाणता कान गांवांत असतोच. भजनी मंडळांतील पखवाजवाल्याला गिटारचा एकहि मेळ ठाऊक नसेल. पण लय कोठें सुटली हें तो डोळे मिटून सांगेल. पेटीवाला बेसूर तार तात्काळ ओळखील. महिन्यांतून एकदां अशा जाणत्यापुढें विद्यार्थ्यानें वाजवावें आणि शक्य तेव्हां त्यांच्या साथीला बसावें. ठेका धरणारा माणूस मोबाइलसारखा थांबवितां येत नाहीं. त्याच्याबरोबर चालावें लागतें, आणि लय तेथेंच अंगांत मुरते. वाद्य परकें आहे ही सबबहि पुरेशी नाहीं. गोव्याच्या मांडोबरोबर गिटार केव्हांच घरची झाली. १९६७ सालीं पं. ब्रिजभूषण काबरा यांनीं 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत पं. शिवकुमार शर्मा व पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीनें तीवर राग वाजविले.

घरच्या वडीलधाऱ्यांचाहि यांत वांटा आहे. 'किती गाणीं येतात?' असें विचारण्याऐवजीं 'या आठवड्यांत काय सुधारलें?' असें त्यांनीं विचारावें, आणि पाहुण्यांपुढें कच्चें वादन करावयास लावूं नये. परीक्षेच्या दिवसांत रियाझ वीस मिनिटांवर आणावा, बंद करूं नये. खंड पडलेला हात पुन्हां जागेवर यावयास वेळ घेतो. एवढी वही, एवढा नेम आणि गांवांतला एक जाणता कान लाभला, तर रिसोडच्या मुलाला वाद्य शिकण्यासाठीं मुंबई-पुण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. निदान वर्षअखेर गिटार खुंटीवर टांगण्यापूर्वीं त्यानें ती वही एकदां उघडून पाहावी. पहिल्या पानावरचा आंकडा आणि शेवटच्या पानावरचा आंकडा यांतील अंतर त्याच्या अंगच्या कलेविषयीं अधिक खरी साक्ष देईल.